जाताना लागतो, येताना नाही

चाकूरच्या बसस्टँडकडून लातूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचं एक दुकान आहे. पाटीवर ‘तक्षशिला ऑटो इलेक्ट्रिक’ लिहिलंय, पण ती पाटी वाचून आत शिरलेला माणूस अजून माझ्या तरी पाहण्यात नाही. गाव त्या दुकानाला ‘ठाणं’ म्हणतं आणि दुकानाचा मालक धम्मानंद याला ‘फौजदार’. कारण गाडी घेऊन गेलात, तर हा गृहस्थ गाडीला हात लावायच्या आधी तुमची जबानी घेतो.

मागं एकदा एक जीपवाला आला. हॉर्न बंद.

“कवापासून?” धम्मानंदनं विचारलं.

“तीन दिवस झाले.”

“तीन दिवसांखाली कुठं गेलते?”

“किल्लारीला. सासरवाडीला.”

“दारात उभं राहून किती येळ हॉर्न वाजवला?”

जीपवाला जमिनीकडं बघत म्हणाला, “ती यायलाच तयार नव्हती ना.”

“मग हॉर्न जळाला न्हाई, तुम्ही जाळला,” म्हणत धम्मानंदनं पान्हा उचलला. दहा मिनिटांत हॉर्न वाजायला लागला. बायको पुढं आली का नाही, हे त्यानं विचारलं नाही. ते आम्ही दारातल्या बाकड्यावरच्यांनी विचारलं. नव्हती आली.

हे वळण त्याला नांदेडात लागलं. दहावीनंतर तो मोंढ्यातल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली सात वर्षं राहिला. उस्तादाची शिकवण एकच: “पहले पूछ, फिर खोल.” आधी विचार, मग उघड. बाकीचे मिस्त्री आधी उघडतात, मग विचारतात, आणि जोडताना दोन नट उरले तर गुपचूप खिशात घालतात. धम्मानंदकडं हत्यारंही फार नाहीत. एक मीटर, चार पान्हे, चिकटपट्टीचं भेंडोळं आणि इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला एक टेस्ट लॅम्प. बाकी सगळं काम तोंडानं. त्याची बायको मनिषा मुदखेडची, तोंडाला तीही कमी नाही. ती म्हणते, “घरीबी हेच हाय. भाजी खारट झाली तर माणसानं पाणी पिऊन मोकळं व्हावं का न्हाई? ह्यांचं न्हाई. मीठ कवा टाकलं, टाकताना कुणाशी बोलून राहिलतीस, फोन कुणाचा होता!”

पण एक मानावं लागेल. ऐकलेलं हा माणूस कुणाला सांगत नाही. त्याचं पोट म्हणजे आड आहे, पडलेलं वर येत नाही. गावात जे वर येतं ते दुसऱ्या वाटेनं येतं. बाकडं त्याच्या दुकानाच्या दारातच आहे, त्याला तो तरी काय करणार?

तर अशा या ठाण्यापुढं एका शनिवारी सकाळी गुरम्माकाकूंची व्हॅन येऊन थांबली, आणि बाकड्यावरचे आम्ही सगळे सरसावून बसलो. एक कोडं गावाला कित्येक महिने छळत होतं, ते आज सुटायची चिन्हं दिसत होती.

गुरम्मा म्हणजे मडिवाळप्पा किराणावाल्यांची बायको. मडिवाळप्पा तीन वर्षांमागं गेले. ते होते तोवर व्हॅनचं स्टिअरिंग त्यांनी बायकोच्या हाती कधी दिलं नाही. तिनं नुसतं दार लावलं तरी आतून “हळू!” असा आवाज यायचा. ते गेल्यावर वर्षभरानं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, काकू एक दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसलेल्या दिसल्या आणि गल्लीत दोन दिवस कुणाच्या घरी वेळेवर स्वयंपाक झाला नाही. काकू शिकल्या. उंचीनं बुटक्या, म्हणून बुडाखाली चौघडी केलेली वाकळ. वळायच्या आधी हॉर्न, आणि वळून झाल्यावर इंडिकेटर. गावानं आपलं जमवून घेतलं, व्हॅन दिसली की लोक आपसूक ओट्यावर चढायचे.

पण बाई हिंडायला लागली! उदगीरला बहिणीकडं, लातूरला कापड घ्यायला, मनात आलं तर नुसती अहमदपूरपर्यंत जाऊन परत. आणि सोमवार तर ठरलेला. सकाळी दहाला निघायच्या, दोनला परत. कुठं गेलत्या म्हणून विचारलं तर “शिवाच्या दर्शनाला.” कुठल्या शिवाच्या? “शिव काय एका जागी बसलाय व्हय?” काकूंचा सोमवारचा कडक उपास गावाला ठाऊक होता, त्यामुळं पुढं बोलायची सोय नव्हती. तरी लोक बोलायचेच. कुणी म्हणे जमीन बघतात, कुणी म्हणे ज्योतिषी गाठलाय. मागच्या आळीत एकीनं तर दुसऱ्या लग्नाचं पिल्लू सोडलं होतं. ते मी सोडलेलं नाही. मी फक्त पुढं हाकललं.

आता व्हॅनचं दुखणं. सहा महिन्यांपासून तिच्या स्टिअरिंगपुढच्या काट्यांच्या पट्टीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मधूनच लागायचा. हा दिवा लागला म्हणजे चालती गाडी बॅटरीत करंट भरत नाही असं समजायचं. बॅटरी उतरली की गाडी जिथं असेल तिथं उभी. काकूंनी लातूरला दाखवलं. एकानं बॅटरी बदलली आणि म्हणाला, झालं. दुसऱ्यानं डायनामो बदलला आणि म्हणाला, झालं. शहरात त्याला अल्टरनेटर म्हणतात, आमच्याकडं तो डायनामोच. तिसऱ्यानं दोन दिवस गाडी ठेवून घेतली, दिवा एकदाही लागला नाही, म्हणून तोही म्हणाला, झालं. आणि पुढच्या सोमवारी दिवा लागलाच.

काकूंचा मुलगा संगमेश्वर पुण्यात नोकरीला. त्यानं हे ऐकलं आणि फोनवरच निकाल दिला. “आई, भर हायवेवर बंद पडली तर? वय काय तुझं? गाडी विकून टाकू.” लातूरचं गिऱ्हाईकही त्यानंच गाठलं. सोमवारी दुपारी तीन वाजता माणूस गाडी न्यायला येणार असं ठरवून पोरगा शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं चाकूरात हजर. व्हॅन गेली की काकूंचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बहिणीकडं जायचं तर पुतण्याची फुरसत विचारायची, लातूरला जायचं तर कुणाच्या तरी स्कूटरमागं अवघडून बसायचं, आणि बाकीचे दिवस खिडकीचे गज मोजायचे.

आणि गावाचं कोडं ते हेच, की बाईनं सगळं लातूर पालथं घातलं, पण घरापासून चारशे पावलांवरच्या धम्मानंदकडं गाडी का नेली नाही? शेवटी मुलगाच घेऊन आला. काकू बाजूच्या सीटवर तोंड फुगवून.

धम्मानंदनं स्टूल पुढं केलं आणि जबानी सुरू केली.

“काकू, दिवा कवा लागतो?”

“काही नेम न्हाई बाबा.”

“उदगीरला जाताना लागला?”

“न्हाई.”

“लातूरला?”

“न्हाई.”

“मग नेम हाय की! लागतो कुठं?”

काकूंनी पदर सारखा केला. “आष्टामोडाच्या फाट्याअलीकडं. सोमवारी.”

“जाताना का येताना?”

“जाताना लागतो, येताना न्हाई.”

धम्मानंदनं मान वर केली. “जाताना गाडीत असं काय असतंय, जे येताना नसतंय?”

“पाप!” काकू ताडकन म्हणाल्या. “जाताना पाप असतंय. दर्शन घेतलं की येताना कुठून असंल?”

आम्ही इतके हसलो की बाकड्याचा एक पाय उचलला गेला. संगमेश्वरही हसला. धम्मानंद तेवढा हसला नाही.

“काकू, पापाला अर्थिंग लागत न्हाई. दिव्याला लागतंय,” तो म्हणाला आणि मीटर घेऊन उठला.

बॅटरी तपासली, ठणठणीत. इंजिन सुरू करून पाहिलं, मीटरचा काटा... काटा कसला, आता आकडेच असतात, चौदा पॉइंट एक. हेडलाइट लावले, पंखा लावला, हॉर्न दाबून धरला, तरी आकडा जागचा हलला नाही. पट्टा ताणलेला, नटबोल्ट घट्ट. मग संगमेश्वरला शेजारी बसवून तो आष्टामोडापर्यंत जाऊन आला. दिवा लागला नाही.

आल्यावर त्यानं पुढची सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. टॉर्च लावून तो बराच वेळ आत बघत राहिला. एका जागी बोट टेकवलं, बोटाला काहीतरी चिकटून आलं, ते त्यानं नाकाशी नेलं. काकू दुसरीकडं बघायला लागल्या.

“सोमवारी सकाळी आणा,” सीट खाली टाकत तो म्हणाला. “नेहमी जशा निघता तशाच निघून या.”

“सोमवारी तीनला गिऱ्हाईक आहे,” संगमेश्वर म्हणाला.

“म्हणून तर सकाळी म्हणून राहिलो.”

सोमवारी बाकड्यावर बसायला जागा नव्हती. दहाच्या सुमाराला हॉर्न ऐकू आला, व्हॅन वळली, मग इंडिकेटर लागला. काकू चालवत होत्या, संगमेश्वर शेजारी, आणि काकूंच्या पायाशी एक कापडी पिशवी.

“लागला?” धम्मानंदनं विचारलं.

“नाही ना,” संगमेश्वर म्हणाला. “बरंच झालं, गिऱ्हाइकापुढं तरी लागू नये.” आणि तो कुणाचा तरी फोन आला म्हणून रस्त्याकडं गेला.

धम्मानंद काकूंच्या खिडकीशी आला. आवाज त्यानं खाली आणला, पण खिडकी बाकड्याच्या बाजूला होती.

“काकू, तुम्ही नेहमीसारख्या निघाला न्हाईत.”

“निघाले की.”

“पिशवी पायाशी कामून हाय? तिची जागा सीटखाली हाय.”

काकूंनी पाय आवळून घेतले. “तुला कुणी सांगितलं?”

धम्मानंदनं मूठ उघडली. तळहातावर तीळ होते, चार-पाच. “इंजिनावर तीळ पिकत न्हाईत, काकू. आत एका वायरीचं सालबी गेलंय. मी शनिवारीच चिकटपट्टी मारून ‘झालं’ म्हणलो असतो. पण तिघं आधीच ‘झालं’ म्हणून बसलेत. चौथ्याच्या तोंडी शब्दावर तुमचा पोरगा गाडी ठेवंल?”

“न्हाई ठेवणार. बापावर गेलाय.”

“मग त्याच्या डोळ्यांपुढं दिवा लागला पाहिजे, आन् त्याच्या डोळ्यांपुढं इझला पाहिजे. त्याला पिशवी लागती. ती काढायची का न्हाई, तुम्ही ठरवा.”

काकूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. लातूरकडं जाणारी एक बस गेली, एक उसाचा ट्रॅक्टर गेला. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली.

“संगू! फोन ठेव, इकडं ये. सीट उचल!”

पिशवीतून निघाला एक उभा, कडीचा स्टीलचा डबा. इतका गरम की काकूंनी पदरानं धरला होता. सीटखाली इंजिनाच्या कडेला एक खाच होती, माप घेऊन केल्यासारखी, तीत त्यांनी सवयीच्या हातानं डबा बसवला. सीट पडली. “चल,” काकू म्हणाल्या. बसस्टँडपुढच्या स्पीडब्रेकरवरून व्हॅन धडधडत गेली, वळून परत आली, आणि काट्यांच्या पट्टीवर लाल दिवा लकलकत होता.

“बघा!” संगमेश्वर म्हणाला. “हेच मी म्हणत होतो!”

इंजिन सुरू ठेवूनच धम्मानंदनं बॅटरीला मीटर लावलं आणि आकडा त्याच्यापुढं धरला. “काय हाय?”

“चौदा पॉइंट एक.”

“म्हंजे चार्जिंग चालू हाय. दिवा खोटं बोलून राहिला.” त्यानं सीट उचलली, डबा काढला. दिवा गेला. डबा ठेवला, जरा हलवला. दिवा आला. “डायनामोपासून दिव्याला जी बारीक वायर जाती, तिचं साल ह्या कडीनं घासून घासून काढलं. उघडी वायर डब्याला टेकली, डबा इंजिनाला टेकला, की दिव्याला अर्थिंग मिळतंय आन् तो लागतो. येताना डबा रिकामा असतो, मागच्या सीटवर पडून येतो. म्हणून येताना न्हाई.”

संगमेश्वर इंजिनिअर माणूस. त्याला वायरीचं लगेच पटलं. पण त्याचं लक्ष आता डब्यावर होतं.

“आई, यात काय आहे?”

“धपाटे.”

“धपाटे? आज? सोमवारी?”

“गार झाले की चामड्यासारखे होतात. म्हणून इंजिनाशी ठेवते.”

“ते नाही विचारलं मी! पंधरा वर्षं मी सोमवार धरलाय, आई! तू सांगितलंस म्हणून! ऑफिसात सगळे माझ्यासमोर मिसळ हाणतात आणि मी साबुदाण्याचा डबा उघडून बसतो!”

“सांगितलं तवा मीबी करत होते,” काकू शांतपणे म्हणाल्या. “चाळीस वर्षं तुझ्या अप्पांसाठी धरला. ते गेले. आता कुणासाठी धरू? दर्शन घेते की. आष्टामोडाकडच्या तळ्याच्या बांधावर महादेव हाय. आधी त्याला हात जोडते, मग त्याच्याच सावलीला बसून खाते. चोरून न्हाई खात, त्याच्या समोर खाते.”

धम्मानंद तोवर सीटखाली वाकून वायरीला नवी नळी चढवत होता, आणि सवय कुठं जाते?

“डबा तीन शेर वजनाचा हाय,” आतून त्याचा आवाज आला. “एकट्यानं संपतो?”

“एकटी कशाला? दोघी असतो.”

“दुसरी कोण?”

“ते विचारू नको, फौजदारा.”

“आता विचारलं की.”

“तुझी आई.”

आतून ठण्णकन आवाज झाला. डोकं सीटच्या लोखंडाला लागलं होतं.

धम्मानंदच्या आईला, सरजाबाईला, बीपी आहे. डॉक्टरांनी मीठ तोडलं, तळलेलं तोडलं. आणि गेले सहा महिने दर सोमवारी संध्याकाळी ती ताट सरकवून म्हणायची, “भूक न्हाई.” धम्मानंदनं तिला लातूरला नेलं, रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, पोटाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. अख्ख्या तालुक्याची जबानी घेणाऱ्या माणसानं आईला एकदाही विचारलं नव्हतं, सोमवारी दुपारी कुठं असतेस. कन्याशाळेत सातवीपर्यंत सरजा आणि गुरम्मा एका बाकावर होत्या. त्या काळी या दोघींनी एका डब्यात हात घालणं गावाला सोसलं नसतं, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीआड खायच्या. मग एकीचं लग्न झालं आणि ती गल्ल्यामागं गेली, दुसरी खुरपं घेऊन रानात गेली. पंचेचाळीस वर्षं बोलणं काय ते दुकानाच्या फळीवरून, पावशेर तेल आणि छटाक चहापुरतं. आता गावाला सोसतं का? बाकड्यावर जो तो आपल्या चपलांकडं बघायला लागला, एवढंच सांगतो.

म्हणजे बाईला ठाण्याचं वावडं का होतं, तेही कळलं. चोर सगळीकडं जाईल, पण भागीदाराच्या पोराकडं कसा जाईल?

धम्मानंद डोकं चोळत बाहेर आला. म्हणाला, “मीठ किती असतंय, मावशी?”

मावशी! आम्ही एकमेकांकडं बघितलं. काकूंनीही ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

“तिच्यासाठी येगळे अळणी थापते. सहा अळणी, चार खारे.”

“आन् ती अळणीच खाती?”

“आता डब्यातून कोण काय उचलतं, ते मी बघत न्हाई बाबा. मला गाडीकडं लक्ष द्यावं लागतंय.”

“गाडी तर उभी असती!”

“उभ्या गाडीकडंच जास्ती लक्ष द्यावं लागतंय. न्हाईतर कोणीबी येऊन विकून टाकतो.”

संगमेश्वरचे कान लाल झाले. धम्मानंदनं वायर बाजूला वळवून चिकटपट्टीनं पक्की बांधली आणि डबा पुन्हा खाचेत ठेवला. व्हॅन दोनदा स्पीडब्रेकरवरून गेली, तिसऱ्यांदा काकूंनी मुद्दाम जोरात नेली. दिवा लागला नाही.

तेवढ्यात संगमेश्वरचा फोन वाजला. लातूरचं गिऱ्हाईक. निघू का विचारत होतं. त्यानं आईकडं पाहिलं. काकू पदराच्या टोकानं स्टिअरिंग पुसत होत्या, अगदी सावकाश, एक एक बोट फिरवत, जणू त्यांचा या बोलण्याशी काही संबंधच नाही.

“नाही, निघू नका,” तो फोनात म्हणाला. “गाडी द्यायची नाही... नाही हो, दोष काही नाही. दिवा? तो धपाट्यांचा होता... जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं.”

फोन खिशात टाकून तो उभा राहिला. मग नाक वर करून वास घेतला. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, त्यात पंधरा वर्षांचे सोमवार.

“आई, मी येऊ का तळ्यावर?”

“ये की. तुला कोण न्हाई म्हणतंय?”

तो घाईनं पुढचं दार उघडायला गेला. काकूंनी गाडी चालू केली, हॉर्न दिला आणि हात आडवा केला.

“मागं बस. ती जागा सरजाची हाय.”